मोबाइलची तलफ: सजगतेच्या प्रशिक्षणात नेमकं काय करतात

ॲप काढून टाकणं, पासवर्ड बदलणं, फोन कपाटात ठेवणं यांनी वापर घटतो, पण हात खिशाकडे जायचा थांबत नाही. सजगतेचं (माइंडफुलनेसचं), म्हणजे या क्षणी मनात आणि अंगात काय चाललंय ते शांतपणे पाहण्याचं, प्रशिक्षण सुरू होतं ते त्या हातापासून.

आमच्या अभ्यासक्रमाचा साचा जॉन कॅबट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या सजगतेच्या कार्यक्रमाचा: आठ आठवडे, दर आठवड्याला एक मोठं सत्र आणि रोज घरी सराव. मूळ कार्यक्रम जुनाट दुखणं आणि ताण यांसाठीचा. मोबाइलसाठी त्यात तलफ हाताळण्याचे सराव जोडलेले होते.

सुरुवातीला वापर कमी करायला सांगतच नाहीत. फक्त नोंद ठेवायची: फोन उचलण्याआधी काय चाललं होतं आणि अंगात काय जाणवलं. स्क्रीन टाइमच्या आकड्यांतून तास कळतात, कारण कळत नाही. माझ्या नोंदींत नोटिफिकेशनपेक्षा मोकळी फट जास्त वेळा दिसली: लिफ्टची वाट पाहताना, अवघड ईमेल अर्धवट सोडल्यावर. मग श्वासाचा सराव, आधी दहा मिनिटं. मन भरकटलं की स्वतःवर न चिडता परत आणायचं.

खरा गाभा तलफेचा सराव. फोन सायलेंटवर, पालथा, हाताच्या अंतरावर ठेवायचा. पाय जमिनीवर, पाठ ताठ. वेळ लावायला वेगळं घड्याळ घ्यायचं. फोनचाच टायमर लावला तर तो बंद करताना बोट स्क्रीनवर जातं आणि पुढचं आपोआप होतं. आता ओढ कुठे आहे ते शोधायचं: बोटांत, छातीत, घशात? ती एका जागी आहे की सरकते आहे? ‘मला फोन हवाय’ असं न म्हणता मनात ‘ओढ’ एवढंच म्हणायचं. व्यसनांवर काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट तलफेला लाट म्हणत: ती चढते, माथ्याला पोचते, ओसरते. तिच्याशी झुंजलं की लक्ष पुन्हा फोनवरच खिळतं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. दात आवळून वेळ काढायचा आणि घड्याळ वाजताच फोनवर झडप घालायची, हा सराव नव्हे. शेवटी फोन सावकाश उचलायचा, वजन जाणवू द्यायचं, कशासाठी उचलला ते मनात म्हणायचं, तेवढंच काम करून ठेवायचा. माझ्या मते सगळ्यात उपयोगी भाग हाच, कारण फोन तर रोज लागणारच.

स्क्रोल करणं थांबवणं जास्त अवघड. कधी काहीतरी छान सापडतं, कधी नाही, आणि त्या अनिश्चिततेमुळेच सवय घट्ट होते. तिथे अंगठा थांबवून तीन श्वास घ्यायचे, मग पुढे जायचं की नाही ते ठरवायचं.

डुलकी येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा किंवा उभं राहा. सरावाच्या सूचनांचा ऑडिओ फोनवरच ऐकत असाल तर एअरप्लेन मोड लावा. अस्वस्थता वाढून घाबरायला होत असेल तर डोळे उघडा, सराव थांबवा आणि प्रशिक्षकांना सांगा. नैराश्य किंवा टोकाची चिंता असेल तर त्यावर डॉक्टरांकडून स्वतंत्र उपचार घ्यावेच लागतात.