‘पाच मिनिटांचं काम आहे, ठाण्यात या’

इंदुरात पोलीस ठाण्याचं बोलावणं सहसा फोनवर आणि हिंदीत येतं: ‘टीआय साहब ने बुलाया है, पाँच मिनट का काम है.’ टीआय म्हणजे ठाण्याचे प्रमुख निरीक्षक. रामबाग किंवा सुदामानगरातल्या पापभीरू माणसाला वाटतं, आपण काही केलेलं नाही, जाऊन सांगून येऊ. जायला हरकत नाही. कागदाशिवाय जायला आहे. जबरदस्तीची चौकशी म्हटलं की लोकांना दंडुका आठवतो, पण खरं नुकसान त्याच्या आधीच झालेलं असतं: तुम्ही ठाण्यातल्या बाकावर चार तास बसलेले असता आणि कुठल्याही रजिस्टरात तुमचं नाव नसतं.

म्हणून फोनवरच नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात. गुन्हा क्रमांक काय, तपास कोणाकडे आहे, आणि मला साक्षीदार म्हणून बोलावताय की संशयित म्हणून? मग म्हणावं, ‘लेखी नोटीस द्या, वेळेवर हजर राहतो.’ 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात साक्षीदाराला कलम 179 खाली लेखी आदेश निघतो, संशयिताला कलम 35(3) खाली नोटीस. जुने वकील अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले आकडे घेऊन ‘एकशे साठ’ आणि ‘एक्केचाळीस अ’ म्हणतात, ती हीच कलमं. 35 ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात बजावलं आहे. पण रीतसर नोटीस हातात पडल्यावर ती फेकून देऊ नका. हजर राहणाऱ्याला त्या गुन्ह्यात अटक करायची तर पोलिसांना कारणं लिहून ठेवावी लागतात. दांडी मारणारा ते कारण स्वतःच त्यांच्या हातात देतो.

स्त्री, 60 वर्षांवरचा पुरुष, 15 वर्षांखालचा मुलगा, दिव्यांग किंवा गंभीर आजारी माणूस साक्षीदार असेल तर पोलिसांनी घरी यायचं असतं. आजोबांना स्कूटरवर मागे बसवून ठाण्यात नेण्याआधी एवढं लक्षात असू द्या. आणि व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारा कोणी भेटला तर तो शुद्ध ठग असतो. फोन ठेवा आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 लावा.

आत गेल्यावरचे डाव फारसे बदलत नाहीत. एक अधिकारी आरडाओरडा करतो, दुसरा चहा मागवतो. ‘तुझ्या मित्राने सगळं कबूल केलंय’ हे वाक्य मित्राने तोंडही उघडलेलं नसताना म्हटलं जातं. ‘बायकोलाही बोलवावं लागेल’ ही धमकी असते, आणि याच संहितेच्या कलम 182 प्रमाणे धमकी, आमिष किंवा वचन देऊन जबाब काढायला बंदी आहे. ‘तुला माफीचा साक्षीदार करतो’ हे आमिष तर निव्वळ पोकळ. माफी देण्याचा अधिकार न्यायालयाचा, ठाण्याचा नाही. या सगळ्यावर उत्तर एकच, आणि ते न चिडता द्यायचं: ‘ज्या उत्तराने मी स्वतःच अडकू शकतो ते मी देणार नाही, वकिलांशी बोलून सांगतो.’ ही मुभा राज्यघटनेच्या कलम 20(3) मधून येते. सर्वोच्च न्यायालयाच्या 1978 च्या नंदिनी सत्पथी निकालाने ती ठाण्यातल्या चौकशीलाही लागू केली. बाकी प्रश्नांची खरी उत्तरं देणं मात्र बंधनकारक आहे. गप्प राहिलात तर बचाव शिल्लक राहतो, खोटं बोललात तर नवं प्रकरण मागे लागतं.

आता सही. इथेच घोडं पेंड खातं. पोलिसांनी कलम 180 खाली लिहून घेतलेल्या जबाबावर तुमची सही लागतच नाही, कलम 181 तसं स्पष्ट सांगतं. कोऱ्या कागदावर तर कदापि नको. नोटिशीच्या पोचपावतीवर सही करा, पण तारखेबरोबर घड्याळात पाहून वेळही घाला आणि खालच्या मोकळ्या जागेवर तिरकी रेघ मारा.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, तर मग ती काढायला एवढा आटापिटा का? कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम 23 ला एक परंतुक (अपवाद) आहे, जुन्या कायद्यातलं कलम 27. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग ग्राह्य धरतात. मध्य प्रदेशात या कागदाला ‘मेमोरेंडम’ म्हणतात. ‘मी अमक्याला भोसकलं आणि चाकू विहिरीमागे लपवला’ यातलं भोसकणं गळतं, चाकू कुठे लपवला ते उरतं. म्हणून हा कागद आधीच टाइप होऊन समोर येतो, दोन साक्षीदारही तयार असतात, आणि कधी वस्तू आधी सापडलेली असते व कागद मागाहून बनतो. सही करायचीच वेळ आली तर पूर्ण वाचा आणि सहीशेजारी खरी वेळ लिहा. उलटतपासणीत वेळेची तफावत वकिलाच्या फार कामी येते.

बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने यांना मात्र ‘स्वतःविरुद्ध साक्ष’ म्हणून नकार देता येत नाही, हे 1961 च्या काथी कालू ओघड निकालापासून ठरलेलं आहे. नार्को (औषध देऊन बोलतं करणं), पॉलिग्राफ (खोटं पकडणारं यंत्र) आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय नाहीत: सेल्वी निकाल, 2010. मोबाइल घेतलाच तर जप्ती पंचनाम्यात आयएमईआय क्रमांक (त्या हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहून घ्या. पासवर्ड वकिलांशी बोलल्याशिवाय सांगू नका.

अटक झाली की खेळ घड्याळाचा. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं, म्हणून कागदावरची अटकेची वेळ पुढे सरकवली जाते. रात्री नऊला उचललेला माणूस कागदावर दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ‘अटक’ होतो. यावर घरच्यांनी लगेच 112 ला फोन करावा आणि पोलीस आयुक्तांच्या कार्यालयाला ई-मेल टाकावा: कोणाला, कुठून, किती वाजता, कोणत्या गाडीतून नेलं. त्या मेलवरची वेळ कोणालाही पुसता येत नाही. माणूस सापडतच नसेल तर उच्च न्यायालयाचं खंडपीठ इंदुरातच आहे, बंदी प्रत्यक्षीकरणाच्या (नेलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, अशा) याचिकेसाठी मुख्य पीठ असलेल्या जबलपूरला धावायला नको. अटकेच्या मेमोवर कुटुंबातल्या किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष लागते. अटकेची कारणं आरोपीला समजेल त्या भाषेत, लेखी आणि रिमांडच्या किमान दोन तास आधी मिळालीच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2025 च्या मिहीर शाह निकालाने पक्कं केलं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पण तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. वकील परवडत नसेल तर मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक लावा.

एक इंदुरी गुंता वेगळा. डिसेंबर 2021 पासून इथे पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे शांतता राखण्याचा बॉण्ड (लेखी हमी) घेण्याचे अधिकारही पोलीस अधिकाऱ्यांकडेच आहेत. भांडणात दोन्ही बाजूंना ‘एकशे एक्कावन्न’मध्ये, म्हणजे प्रतिबंधात्मक अटकेत, बसवतात, नव्या संहितेत ते 170. त्यातही 24 तासांपलीकडे ठेवता येत नाही. बॉण्ड ही औपचारिकता वाटते, पण मोडला तर थेट तुरुंग, तेव्हा रक्कम आणि मुदत वाचूनच सही करा.

मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना जागा दाखवून सांगा, ‘इथे मारलंय, नोंद करा.’ शिपाई आत उभा असेल तर त्याला बाहेर थांबायला सांगा अशी विनंती करा. वळ लवकर फिके पडतात, पण कागदावरची नोंद टिकते. मॅजिस्ट्रेटपुढे हेच मोठ्याने सांगा, उचलल्याची खरी वेळही सांगा. कबुलीसाठी इजा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षांच्या नव्या कायद्याच्या) कलम 120 खाली 7 वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे.

आणि कॅमेरे. सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे (डिसेंबर 2020) ठाण्याचं प्रवेशद्वार, व्हरांडा, कोठडी सगळीकडे आवाजासह चित्रण हवं. ते 18 महिने, निदान एक वर्ष जपायचं आहे. प्रत्यक्षात कॅमेरा ‘बंद होता’ हे उत्तर ठरलेलं. सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात तारीख, तास आणि कॅमेऱ्याची जागा लिहून चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज द्या, एक प्रत ठाण्यात, एक आयुक्तालयात, एक जिल्हास्तरीय देखरेख समितीकडे, आणि प्रत्येकीवर आवक शिक्का घ्या.