अ‍ॅरिझोना चालतं, मग गंगापूर का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर हा प्रश्न मी आजवर हसून टोलवत आले आहे. प्रश्न साधारण असा असतो: "नाशिकला राहतेस, माहेर द्राक्षवाल्यांचं. आम्ही मुंबई-पुण्याहून गंगापूर धरणाकडच्या वायनऱ्या बघायला धावत येतो आणि तू गेटच्या आत पाऊल टाकत नाहीस. आणि अमेरिकेत नणंदेकडे गेलीस तर थेट अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात जाऊन हातात वाईनचा ग्लास घेऊन फोटो? हे काय गौडबंगाल आहे?" तो फोटो नणंदेने घरच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर धाकट्या जावेपासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत प्रत्येकाने मला एकदा तरी हे विचारलंय. काहींनी तर भेटताक्षणी, पाणीही न पिता.

आधी जे कारण नाही ते सांगते, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी उत्तर आधीच ठरवून ठेवलंय. माझी आजी माळकरी होती, पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जायची, हे खरं. पण माझ्या न जाण्याशी तिच्या माळेचा संबंध नाही. महाग पडतं म्हणूनही नाही. आणि "पिकतं तिथं विकत नाही" ही म्हण तर मला कुणी ऐकवूच नका. आमच्याकडे पिकलं होतं आणि विकलं गेलं नव्हतं. त्यावर येतेच.

आता अ‍ॅरिझोना. हो, गेले होते, आणि मजा आली. लपवायचं काय त्यात? नणंद फिनिक्सला असते. ऑक्टोबर होता. तिने मला सरप्राइज म्हणून एका दिवसात पाच ठिकाणी वाईन टेस्टिंग ठरवलं होतं. मी तिचा कागद घेतला आणि तीन नावांवर काट मारली. दिवसाला दोन ठिकाणं पुरेत, तिसऱ्या ठिकाणी जीभ फक्त ओली होते, चव कळत नाही. सकाळी भरपेट खायचं, बरोबर पाणी घ्यायचं, गाडी चालवणाऱ्याने प्यायची नाही, आणि शनिवार-रविवार सोडून जायचं. नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्हाला हे सगळं कुठून माहीत?" मी म्हटलं, द्राक्षवाल्याची मुलगी आहे मी. तेवढाच भाव खाऊन घेतला.

फिनिक्सहून उत्तरेला निघालं की सुरुवातीला दोन्ही बाजूंना ते उंच हात वर केलेले सग्वारो निवडुंग दिसतात. घाट चढत गेलं की ते मागे पडतात आणि दोनेक तासांत गाडी व्हर्दी नदीच्या खोऱ्यात उतरते. कॉटनवूड नावाचं गाव आहे तिथे. जुन्या पेठेतल्या एका रस्त्यावर टेस्टिंगची दुकानं ओळीने, चालत चालत फिरता येतात. वर डोंगराला चिकटून जेरोम, जुनं तांब्याच्या खाणीचं गाव. खाण १९५३ साली बंद पडली, आता तिथेही वाईन ओततात. ऊन असं की सावली चाकूने कापल्यासारखी पडते, आणि सूर्य मावळला की शाल लागते. दिवसाच्या उन्हाने साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. हे मला तिथल्या बाईने समजावून सांगितलं आणि मी पहिल्यांदाच ऐकतेय अशा चेहऱ्याने ऐकलं.

पण खरी रंगले ती पेज स्प्रिंग्जजवळ ओक क्रीकच्या काठच्या एका बागेत. तिथे एक म्हातारा तारेला काड्या बांधत होता. त्याला विचारलं, दंवाचं काय करता? म्हणाला, वसंतात कोंब फुटल्यावर दंव पडलं तर वर्ष गेलं. मी त्याला निफाडच्या थंडीचं सांगितलं, पारा अगदी खाली गेला की बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात ते. मग त्याने विचारलं, तुमच्या वेली झोपतात कधी? झोपतच नाहीत म्हटलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, वर्षातून दोनदा कात्री. त्याने हातातली दोरी खाली ठेवली आणि वेलीकडे असं पाहिलं, जणू तिच्यावर अन्याय झालाय. नणंद गाडीपाशी उभी राहून हाका मारत होती. तिला वाटलं होतं आम्ही वाईन प्यायला आलोय.

(तिथल्या बऱ्याच बाटल्यांतली द्राक्षं त्या खोऱ्यातली नसतातच. राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात विलकॉक्स म्हणून गाव आहे, तिकडून येतात. खिडकीतून चार ओळी बाग दिसते म्हणजे ग्लासात तीच आहे असं समजू नका. हे इथेही लागू आहे.)

तर तिथे का जमलं आणि इथे का नाही?

दोन हजार एकचं राज्याचं वाईन धोरण, विंचूरचा वाईन पार्क, सुलासारख्या कंपन्या, मग दोन हजार आठची मंदी, मुंबईवरचा हल्ला, रिकामी हॉटेलं आणि न खपलेली वाईन, हे सगळं तुम्हाला पाठ आहे, उगाळत बसत नाही. आमच्या आप्पांनी दिंडोरीकडच्या मळ्यात थॉमसन या खायच्या द्राक्षाशेजारी शिराझ आणि शेनिन ही वाईनची द्राक्षं लावली होती. वाईन कंपनीशी करारावर. आई खूश होती, कारण वाईनच्या द्राक्षाला विरळणी नाही, मणी फुगवायच्या औषधाच्या, जीएच्या, भांड्यात एकेक घड बुडवणं नाही. आप्पा खूश होते कारण व्यापाऱ्याच्या पाया पडणं नाही, भाव आधीच ठरलेला. पहिले हंगाम चांगले गेले, हेही सांगायला हवं.

दहा सालचा हंगाम. मी लेकीला घेऊन माहेरी गेले होते. फेब्रुवारीत कंपनीचा सुपरवायझर आला, एक मणी साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पिळला, उजेडाकडे धरून मला दाखवला. निळ्या-पांढऱ्याच्या मधली रेघ बावीसवर. "चोवीसला तोडू," म्हणाला. चोवीस आली. गाडी आली नाही. फोन केला तर टाक्या रिकाम्या होत नाहीयेत, थोडं थांबा. मग फोन उचलणंच बंद. आप्पांचं सगळं डोकं पाण्यात अडकलं होतं: पाणी सोडावं तर साखर उतरते, न सोडावं तर मणी सुरकुततात. ते रोज संध्याकाळी ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी जाऊन उभे राहायचे आणि हात न लावता परत यायचे. साखर सव्वीसच्या वर गेली. घडांवर मधमाश्या बसायला लागल्या. बाजारात न्यावं म्हटलं तर बारीक, जाड सालीची, बियांची द्राक्षं खाणार कोण?

शेवटी आप्पांनी आपल्या खर्चाने मजूर लावले. रात्री बॅटऱ्या बांधून तोडणी केली, कॅरेट भरले आणि पहाटे ट्रॅक्टर कंपनीच्या गेटवर नेला. मी हट्टाने बरोबर गेले. पुढे आमच्यासारखेच ट्रॅक्टर उभे होते. रजिस्टर घेऊन एक माणूस यायचा, नंबर लिहायचा, आत जायचा. वॉचमनने चहा दिला, त्याची काही चूक नव्हती. उन्हं वर आली तसा खालच्या कॅरेटमधून रस ठिबकायला लागला. ट्रॉलीच्या फळीवरून रस्त्यावर, आणि त्या ओल्या डागावर माश्या. दुपारी तो रजिस्टरवाला आला आणि म्हणाला, "आज नाही होणार."

त्याच वेळी आतून पाहुण्यांची एक बस बाहेर येत होती. गर्दीमुळे ती गेटपाशी अडकली, तशी काही मंडळी उतरली. डोक्यावर हॅट, गळ्यात कॅमेरा, चेहऱ्यावर ती दुपारची लाली. त्यातली एक मुलगी आमच्या ट्रॉलीकडे आली. "वॉव, काका, किती सुंदर! एक घड हातात धराल का? फोटो काढते." आणि आप्पांनी धरला. हात चिकट झालेले, ते आधी त्यांनी धोतराला पुसले. मग शोधून, न सुरकुतलेला घड काढला, छातीजवळ धरला आणि हसले. फोटो झाल्यावर तोच घड तिला दिला. तिने एक मणी तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाली, "अय्या, बिया आहेत!" बस निघून गेली.

माल परत आणला. शेताच्या कडेला ओतला. चार दिवसांत गावभर आंबूस वास सुटला. आजी ओसरीवर बसून म्हणाली, "दारू व्हायचीच होती, झाली." त्यावर आई रडता रडता हसली होती. पुढच्या वर्षी बाग मोडली, लोखंडी अँगल भंगारात गेले, तिथे पुन्हा थॉमसन लावलं. पैशांचं काय झालं ते विचारू नका, आप्पांनी मलाही सांगितलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे राग. असेल. पण नुसत्या रागावर एवढी वर्षं निघत नाहीत. गंगापूरच्या त्या रस्त्याने धरणाकडे गेले की गेटबाहेरच्या ट्रॉलीकडे आधी लक्ष जातं, आत काय चाललंय ते नंतर. ग्लास हातात घेऊन बसले तर मला ती मुलगी आठवणार नाही, मी ती मुलगीच असेन. अ‍ॅरिझोनात मी कुणाचीच कोण नव्हते. कॉटनवूडच्या दुकानाबाहेर कुणाचा ट्रॅक्टर उभा राहिला असेल तर मला माहीत नाही, आणि तेवढ्यावर मी आरामात प्यायले. हे फार उदात्त नाही, कळतं मला. आणि खरं सांगायचं तर, इथे टेबलावर ओतायला येणारा मुलगा माझा माजी विद्यार्थी निघेल याचीही धास्ती आहेच. तेही कारणात धरा.

आप्पांना मात्र यातलं काही नाही. मागे मी त्यांच्यासमोर त्या मुलीचा विषय काढला, तर म्हणाले, "तिचं काय चुकलं? घड दिसायला छानच होता." आणि वर, "तू जा की. कोणी अडवलंय?" म्हणजे ज्यांचा माल गेला ते मोकळे आणि मी गेट धरून बसलेय. नवरा तर याहून पुढचं बोलतो: "टेबल द्राक्षाचे व्यापारी दर हंगामात लाखो रुपये बुडवून पळतात, पोलिसात तक्रारी होतात. मग तू द्राक्षं खायची का नाही सोडलीस?" याला माझ्याकडे उत्तर नाही. थॉमसन मी आवडीने खाते.

पूर्वी मी जे बोलायचे त्याच्याशीही आता माझं पटत नाही. लग्नाकार्यात कुणी वाईनचा विषय काढला की मी सांगायचे, हा सगळा शहरातल्यांसाठी मांडलेला खेळ आहे, शेतकऱ्याचं नाव फक्त लेबलवर. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि "शेतकऱ्यांच्या हितासाठी" म्हणाले, तेव्हा तर मी ताटावरून उठून टीव्ही बंद केला होता. पण माझा चुलतभाऊ आज करारावर शिराझ करतो. तोडणी वेळेवर होते, पैसे खात्यात येतात. अवकाळीत शेजारच्या थॉमसनचे मणी तडकले, याचं त्यामानाने निभावलं. तो म्हणतो, "ताई, तुझं दहा साल आता सोड." त्याला मी काय सांगू? त्याचं खरं आहे. फक्त त्याचं खरं आहे म्हणून माझं खोटं होतं असं मला वाटत नाही. आणि टाक्या पुन्हा भरून राहिल्या तर काय, हे मी त्याला विचारते तेव्हा तोही विषय बदलतो.

बाकी तुम्हाला यायचंय ना, मग या. मी नाही गेले तरी ठरवून देते, त्यात मी पटाईत आहे. जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत या, तेव्हाच तोडणी असते, पावसाळ्यात हिरवंगार दिसतं पण वेलीवर घड नसतो, मग "द्राक्षं कुठायत?" म्हणून मला फोन करू नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी या. एक दिवस गंगापूर धरणाच्या बाजूला, दुसरा दिंडोरी किंवा इगतपुरीकडे. एका दिवसात दोन्ही टोकं गाठायला जाऊ नका. सकाळी मिसळ खाऊन निघा, पण फार तिखट नको, नाहीतर पहिले दोन ग्लास वाया. ड्रायव्हर ठेवा. बाहेर ट्रॉली उभी दिसली तर फोटो काढायच्या आधी किती वेळ उभे आहात एवढं विचारा.

नणंद जानेवारीत येतेय. तिने चौघांचं बुकिंग मला न विचारता करून टाकलंय आणि माझं नाव त्यात घातलंय. नवऱ्याने माझ्या जागी त्याच्या मित्राला तयार राहायला सांगून ठेवलंय.