तापीकाठची पपई: शहाद्याच्या शिवारात

दोंडाईच्याला रेल्वेतून उतरून शहाद्याची एसटी धरली की सारंगखेड्याला तापी ओलांडावी लागते. पूल मागे पडला की केळी, ऊस आणि मग पपईच पपई. उत्तरेला सातपुड्याची रांग सोबतीला असतेच. पपई परसात न्हाणीच्या पाण्यावर आपोआप वाढते, एवढंच ठाऊक असलेल्याने नंदुरबार जिल्ह्यातला हा पट्टा एकदा बघावाच.

रस्त्यालगतच्या एका शेतात तोडणी चालली होती. विचारलं तर शेतकरीदादांनी लगेच आत बोलावलं. वाण तैवान ७८६. यात निव्वळ नर झाड निघतच नाही. मादी झाडाला गोल फळ येतं, उभयलिंगी झाडाला लांबट. "दिल्लीले लांबंच फळ चालस," दादा म्हणाले.

लागवड फेब्रुवारी-मार्चमधली. खानदेशातल्या उन्हाळ्यात कोवळी रोपं जगवायची, पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचू द्यायचं नाही (साचलं की मूळ कुजून झाड बसतं), आणि वर्षभर मावा ही बारीक कीड आवरायची. मावा रस शोषतो ते एकवेळ चालेल, पण तोच रिंगस्पॉट या रोगाचा विषाणू झाडोझाडी नेतो. त्या रोगावर औषध नाही. दादांनी असं एक झाड दाखवलं: शेंड्याची पानं आखडून दोऱ्यासारखी झालेली, फळांवर गोल गोल चट्टे. दुपारपर्यंत ते उपटून बांधाबाहेर नेलं.

तोडणारा फळ न्याहाळतो. हिरव्या सालीवर पिवळी रेघ उमटली की ते घ्यायचं. देठातून पांढरा चीक ठिबकतो, त्याने कातडी सोलून निघते, म्हणून अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. फळं देठ खाली करून ठेवतात, चीक सालीवर ओघळला तर डाग पडतो. मग एकेक फळ रद्दी कागदात गुंडाळून ट्रकमध्ये.

भाव शहाद्याच्या बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी समोरासमोर बसून ठरवतात. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण पपई थांबत नाही. कांदा चाळीत ठेवता येतो. रेघ आलेली पपई मात्र दोन-चार दिवसांत पिवळी होते आणि लांबचा व्यापारी ती घेत नाही. हे त्यालाही पक्कं माहीत असतं. ठरलेल्या भावापेक्षा कमी देऊन माल उचलला जातो तेव्हा शेतकऱ्याच्या हातात नाही म्हणायचीही सोय उरत नाही. दादा हे सांगताना चिडले नाहीत, पण मला फार लागलं.

आपण गाडीवर पपई घेताना निम्म्याहून जास्त पिवळी, देठाशी घट्ट, दाबल्यावर किंचितच दबणारी घ्यावी. पूर्ण हिरवी कोवळी तोडलेली असेल तर ती पिकेल, पण गोड होणार नाही.

जायचंच तर दत्तजयंतीच्या सुमारास जा. तेव्हा सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते आणि शिवारात तोडणीही चालू असते.