दोन्ही गेज बरोबर, तरी लॉट अडला

अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये 40 मिमीचा एच7 बोअर (गोल भोक), म्हणजे 40 मिमीपेक्षा 0 ते +25 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) एवढीच मुभा. लाइनवरचं एअर गेज (हवेच्या दाबावर भोक मोजणारं) शिफ्टभर +14 ते +22 दाखवत होतं. तेच नग 20 अंशांच्या स्टँडर्ड रूममध्ये सीएमएमवर (कोऑर्डिनेट मोजणी यंत्रावर) घेतले, तर काही चक्क उणे, म्हणजे 40 मिमीपेक्षा लहान. 1000 च्या लॉटला 80 चा नमुना, 1 टक्का एक्यूएलला (स्वीकारार्ह दोषपातळीला) 2 खराब नग चालतात, निघाले 7. लॉट अडवला.

अशा वेळी आधी गेजवर संशय जातो. मास्टर रिंग (गेजचं शून्य लावायचं ठरलेल्या मापाचं कडं) लावली, शून्य बरोबर. सीएमएमही बरोबर. मग +17 दाखवणारा एक नग जाड अ‍ॅल्युमिनियम प्लेटवर 20 मिनिटं थंड व्हायला ठेवून त्याच एअर गेजवर परत लावला. +6!

लेआउट बदलताना गेज कन्व्हेयरच्या टोकावरून उचलून वॉशिंग मशीनला खेटून ठेवलं होतं. धुण्याचं पाणी 60 अंशांचं. नग गेजवर येताना 42, मास्टर 30. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे 23 मायक्रॉन फुगतं, म्हणून 40 मिमीवर 12 अंशांचे 11 मायक्रॉन. शिवाय मास्टर पोलादी, आणि पोलाद साधारण निम्मंच फुगतं. दोघंही 30 वर असले तरी नग साडेचार मायक्रॉन मोठा वाटतोच. कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कशानं, कधी तपासायचं त्या तक्त्यात) मात्र ‘एअर गेज, दर तासाला 5 नग’ एवढंच. कुठे आणि किती गरम, याला रकानाच नाही.

गरम नगाच्या रीडिंगमधून सरळ 11 वजा करा, असं प्रॉडक्शननं सुचवलं. मी नाही म्हटलं. पाण्याचं तापमान दिवसभर हलतं. प्लॅनमध्ये 20 मिनिटं थंड करणं आलं. एका नगाची सायकल 75 सेकंदांची, म्हणजे तेवढ्यात 16 नग पुढे जातात. ते होल्ड ट्रेमध्ये, निकाल येईपर्यंत पॅकिंगला नाहीत. लाइनवरची खालची मर्यादा 0 ऐवजी +10, कारण मे महिन्यात शॉप 38 वर गेलं की पोलादी मास्टरमुळे पडणारा फरकच 8 च्या वर जातो.

‘दर तासाला’चा प्रश्नही सोडवला. इन्सर्ट (कापणारं बदलतं पातं) झिजला की बोअर हळूहळू लहान होतो, तिथे तासाची तपासणी पुरते. नवा इन्सर्ट लागला की माप एकदम उडी मारतं, आणि ती उडी तपासणीनंतर लगेच पडली तर 48 नग हातातून जातात. म्हणून इन्सर्ट बदलल्यावरचे पहिले 3 नग आता घड्याळ न बघता तपासले जातात.

अडवलेला लॉट रात्रभर स्टँडर्ड रूममध्ये ठेवून सकाळी शंभर टक्के निवडला. उणे निघालेले नग पुन्हा बोअर केले. जे मोठे झाले असते तेच स्क्रॅपला गेले असते, इथे सगळे लहान होते.