नगावर इन्सेंटिव्ह का देत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

भोसरीला आमचं छोटं मशीन शॉप आहे. सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, दोन पाळ्या, तीसेक माणसं. शेजारचे कारखानदार, बँकेचे साहेब, नुकतीच एमबीए झालेली माझी भाची, सगळ्यांनी कधी ना कधी विचारलंय, "तुम्ही नगावर इन्सेंटिव्ह देत नाही, मग माणसं काम कशी करतात?" उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून काढतोय.

आम्ही मोजत नाही असा गैरसमज मात्र नको. मापाशिवाय आमच्या धंद्यात पान हलत नाही. 25 मिलिमीटरच्या बोअरला (आतल्या गोल भोकाला) ड्रॉइंगवर एच7 ही सुटीची खूण लिहिलेली असली की वरच्या बाजूला 21 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या 21 हजारांशांची, सूट मिळते, खालच्या बाजूला शून्य. मोजण्याशी माझं भांडण नाही. मोजलेल्या आकड्याला पैसे बांधले की काय होतं, ते मी दोनदा भोगलंय.

आठ-नऊ वर्षांपूर्वी मीही नगावर इन्सेंटिव्ह सुरू केला होता. एका बुशला (आत पिन बसते ती छोटी नळी) माल लावण्या-काढण्यासकट एक मिनिट लागायचं. जेवण, चहा, साफसफाई वजा जाता पाळीत 430 मिनिटं उरायची. टार्गेट 400 ठेवलं, त्यावरच्या प्रत्येक नगाला जादा पैसे. दुसऱ्याच आठवड्यात 450 झाले, मग 460. 430 मिनिटांत 460 नग कसे निघतात, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण आकडा मला हवा तसा येत होता.

उत्तर मशीनच्या पॅनलवरच होतं. फीड ओव्हरराइड, म्हणजे हत्यार पुढे सरकण्याचा वेग कमीजास्त करायची कळ, 100 टक्क्यांवरून 120 वर गेला होता. फीड वाढवला की फिनिश खरखरीत येतो आणि इन्सर्टची (कापणाऱ्या बदलत्या पात्याची) कड लवकर झिजते. बोअरिंगची कड झिजली की बोअर लहान होत जातो, एकेक मायक्रॉन करत. ते वेळेवर कळावं म्हणून दर 20 नगांनी बोअर मोजायचा, लागला तर ऑफसेट द्यायचा (हत्यार तेवढं सरकवून माप सुधारायचं), कड फिरवायची, असा नियम होता. या प्रत्येक कामात मिनिटं जातात आणि त्या मिनिटांचे पैसे मी देत नव्हतो. रजिस्टरमध्ये नोंदी मात्र व्यवस्थित होत्या. सलग तीस ओळी आणि प्रत्येक ओळीत 25.010. जगातलं कुठलंच मशीन असं माप देत नाही. त्या पानांवर रोज माझी सही आहे.

मग ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर आमच्या बुशात पिना बसेनात. आमची चार माणसं तीन दिवस त्यांच्या गोदामात बसून एकेक बुश गेजला लावत होती. मागाहून ग्राहकाची डेबिट नोट आली, म्हणजे नुकसानीचे पैसे आमच्या बिलातून कापल्याचा कागद. ते पैसे मी विसरलो. विसरलो नाही ते त्या चौघांचे चेहरे. त्यातल्या दोघांना मी आयटीआय संपल्यावर स्वतः कामाला घेतलं होतं. ती लबाड माणसं नव्हती. मी नग मागितले होते, त्यांनी नग दिले होते.

त्यानंतर मी पुस्तकी वाट धरली. ओईई, म्हणजे मशीनचा एकूण किती उपयोग झाला ते सांगणारा आकडा. मशीन किती वेळ चाललं, किती वेगाने चाललं आणि किती माल चांगला निघाला, या तीन टक्क्यांचा गुणाकार. 90, 95 आणि 99.9 गुणले की 85 च्या आसपास येतात आणि तेवढं आलं की शॉप उत्तम समजतात. यात गुणवत्ताही धरलेली असल्यामुळे आता पळवाट उरली नाही, असं मला वाटलं. बोनस सुपरवायझरला ठेवला. पण एका मालावरून दुसऱ्या मालावर जाताना, सेटिंग बदलताना, मशीन थांबतं आणि थांबलं की ओईई पडतो. मग सेटिंग बदलायचंच बंद झालं. 500 नगांच्या ऑर्डरला 3,000 करून ठेवले जाऊ लागले. बोर्डावर 84 टक्के, रॅकवर तेल लावून ठेवलेला न मागितलेला माल, त्यात अडकलेलं माझं खेळतं भांडवल, आणि ज्याला 200 नग तातडीने हवे होते तो ग्राहक ताटकळत.

मोठ्यांकडेही हेच होतं. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत एकेका ग्राहकाला खाती, कार्डं मिळून आठ गोष्टी विकायचं लक्ष्य होतं. शाखांतल्या लोकांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलर दंड झाला. तोवर या प्रकरणात सुमारे 5,300 जणांची नोकरी गेली होती.

भाची मला गुणवत्तेचे अमेरिकन जाणकार एडवर्ड्स डेमिंग यांचं म्हणून एक वाक्य ऐकवते, की जे मोजता येत नाही ते सांभाळता येत नाही. डेमिंग यांनी लिहिलंय ते नेमकं उलट. असं मानणं हा महागात पडणारा भ्रम आहे, असं ते म्हणतात. मशीनची सेटिंग लावणाऱ्या आमच्या सेटरमामांकडे पाहिलं की मला ते पटतं. त्यांच्या नावावर दिवसाला एकही नग लागत नाही. ते फिरत असतात, आवाजावरून कड गेल्याचं ओळखतात, नव्या पोराला जॉ (नग पकडणारे जबडे) कसे बांधायचे ते दाखवतात.

डेमिंग ज्यांच्या कामावरून शिकले त्या वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये कंट्रोल चार्ट मांडला, म्हणजे माप मर्यादेत आहे का ते ठिपक्यांनी दाखवणारा आलेख. आज आमच्या प्रत्येक मशीनवर तो लागतो. ऑपरेटर स्वतः पाच नग मोजून ठिपका मांडतो. ठिपके खाली सरकायला लागले की कड झिजतेय. हा चार्ट पगाराच्या टेबलावर कधी येणार नाही, असा मी शब्द दिला. सहा महिने कुणाचा विश्वास बसला नाही, ठिपके सरळ रेषेत यायचे. मग एके दिवशी एकाने मर्यादेबाहेरचा ठिपका मांडला, स्वतः मशीन बंद केलं आणि 40 नग बाजूला काढून मला बोलावलं. मी त्याला "बरं केलंस" म्हटलं आणि मामांना हाक मारली. बाकीचे लांबून बघत होते. त्या आठवड्यापासून बाकीच्या चार्टांवरचे ठिपकेही खरे वरखाली व्हायला लागले.

आता पगार ठरलेला आहे आणि दिवाळीला नफ्यातला वाटा सगळ्यांना पगाराच्या प्रमाणात मिळतो. त्या बुशचे पाळीत 405 ते 415 नग निघतात.

सगळं सुटलं असं मात्र म्हणणार नाही. गेल्या वर्षी एक ऑपरेटर केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "साहेब, नग मोजायचात तेव्हा निदान माझं काम दिसायचं. आता सुपरवायझरला कोण आवडतं त्यावर सगळं ठरतं." त्याचं म्हणणं खरं होतं. आकड्याला कुणी भाचा-पुतण्या नसतो, सुपरवायझरला असतो. तेव्हापासून पगारवाढीआधी मी दोन्ही पाळ्यांत प्रत्येक मशीनपाशी तासभर उभा राहतो. वाढ सुपरवायझर, मामा आणि मी मिळून ठरवतो आणि ज्याची त्याला कारणं समोर बसवून सांगतो. तरी यंदा एकाला कमी दिली गेली. तो रिजेक्शनचा माल एकट्याने रीवर्क करत होता, हे आमच्या तिघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्याला एप्रिलपासूनचा फरक जुलैच्या पगारात दिला.