चौथं बटण

जुन्या सामानाच्या धंद्यात मला बावीस वर्षं झाली. बुधवार-रविवार पुण्याच्या जुन्या बाजारात बसतो, बाकीचे दिवस लोकांची घरं उपसतो. वाडा पाडायला काढला की फोन येतो. सौदा उक्ता, म्हणजे खोलीत असेल ते सगळं इतक्याला. त्यात फुटकी बादली आली तशी पितळी घंगाळंही आली. निघेल ते आपलं, हा बाजाराचा रिवाज. तोटा निघाला तर तोही आपलाच, हे मात्र विकणाऱ्याच्या कधी लक्षात राहत नाही.

अशाच एका घरातला माळा आणि मागची खोली मी नऊ हजारात घेतली. डोळा होता शिलाई मशीनवर. काळी, पायाची सिंगर. लोकांना वाटतं मशीनला भाव असतो. भाव असतो पायाला. बिडाचा नक्षीदार पाया, नावाची अक्षरं शाबूत असली की हॉटेलवाले वर काच टाकून त्याचं टेबल करतात. वरचं डोकं, ज्यावर कुणा बाईनं उभा संसार ओढला असेल, ते भंगारात किलोवर जातं. मला हे कधी पटलेलं नाही. पण विकतो मीच.

मशीनच्या खणात हात घालायचा नाही, सुया असतात. खण काढून वर्तमानपत्रावर पालथा करायचा. बॉबिनी, शटल, खडूचे तुकडे, तेलाची कुपी आणि बटणांनी भरलेला पावडरचा डबा. डब्याच्या तळाशी साखळीची बटणं निघाली. पूर्वी पुरुषमाणसं सदऱ्याला लावायची तशी, बारीक साखळीत जोडलेली चार. तेलानं आणि धुळीनं काळीठिक्कर. लोहचुंबकाला चिकटली नाहीत, पण पितळही चिकटत नाही. खरं कळलं ते साखळी तळहातावर गोळा केली तेव्हा. पितळ हातात खुळखुळतं. हे गप्प बसलं.

तसाच सोन्या मारुती चौकाकडे गेलो, नेहमीच्या कारागिराकडे. सत्तरी ओलांडलेला माणूस. आता गल्लीगल्लीत टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायची यंत्रं आलीत, मिनिटात आकडा देतात. "यंत्र वरची कातडी वाचतं, पोटात काय ते त्याला काय ठाऊक," असं म्हणून म्हातारबा आधी कसोटीच काढतात. मी म्हटलं, एकच बटण बघा, बाकीची तीच आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रत्येक बटणाची मागची कड जरा कानशीनं घासून काळ्या दगडावर चार रेघा ओढल्या, शेजारी शेजारी. चारही पिवळ्या. मग काचकांडीनं तेजाब फिरवलं. तीन रेघा होत्या तशाच राहिल्या. चौथी बघता बघता विरली.

भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, बघा. तेच पाच पाकळ्यांचं फूल, तोच काठ, फक्त साखळीला जोडलेल्या जागी झाळलेला डाक वेगळा. "हे बाजारातलं नाही. एक बटण विकलं आणि तसंच पितळेचं करून घेतलं, वर मुलामा. करणारा कसबी होता हो." हे सांगताना त्यांना सोन्यापेक्षा पितळेचंच कौतुक जास्त. तीन बटणं आणि साखळी मिळून पाच ग्रॅम दोनशे मिलीग्रॅम भरली, टंच त्र्याऐंशी. टाकणखाराचा डबा पुढे ओढून वितळवायला मूस तापवू का, म्हणाले. मी थांबा म्हटलं.

दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेलेला. धाकटा भाऊ म्हणाला, उक्तं घेतलंय दादा, वेडेपणा करू नकोस. धंद्याच्या हिशेबानं त्याचंच बरोबर होतं. मीसुद्धा याआधी चांदीच्या अत्तरदाण्या काही परत नेऊन दिलेल्या नाहीत, उगाच कशाला साळसूदपणा सांगू. पण त्या खोट्या बटणानं डोक्यात घर केलं होतं. नेऊन दिली.

घरातल्या थोरल्यांनी चहा विचारला, सोनं पाहिल्यावर बिस्किटंही आली. चौथं पितळेचं आहे हे सांगितल्यावर चेहरा बदलला. "आजोबांची चारही सोन्याची होती." मग बहिणीला व्हिडिओ कॉल, आजोबांचा फोटो मोठा करकरून बघणं. शेवटी तिनं फोनवरून मला ऐकू जाईल असं विचारलंच, "मध्ये किती दिवस होती ह्यांच्याकडे?" दोन दिवस होती. कारागिराला फोन लावून देतो म्हटलं, तर तो तुमचाच माणूस ना, म्हणाले. आता यावर काय बोलायचं? खायचीच असती तर चारही खाल्ली असती, एवढा हिशेब शिकलेल्या माणसांना जमू नये!

कोपऱ्यात पलंगावर त्यांच्या आत्या बसल्या होत्या, नव्वदीच्या असतील. इतका वेळ गप्प. बटणं त्यांनी मागून घेतली, चौथ्यावर अंगठा फिरवला. मग भाच्याला म्हणाल्या, "त्यांना काही विचारू नकोस रे. त्यांनी नाही घेतलं." कुणी घेतलं ते काही बोलल्या नाहीत. भाचा विचारायला लागला तर ऐकू येत नसल्यासारखं केलं.

मी चप्पल घालत होतो तेव्हा हाक मारली. "मशीन तुम्ही नेलीत ना? केवढ्याला धरलीत?"

उक्त्यात तिची वेगळी किंमत काढलेलीच नव्हती. तरी तोंडाला आलं ते सांगितलं, दोन हजार.

"एवढेच?" म्हणाल्या, आणि बटणं मुठीत मिटून घेतली.

हॉटेलवाल्याचा पायासाठी दोनदा फोन येऊन गेला. मशीन गोदामात आहे, अजून खोललेली नाही. परवा तेल घालून पाहिलं, चालते.