सहाशे रुपयांची वाळू आणि चार सोमवार

२०२४ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातील आमच्या गावी मी घर बांधायला काढले. खडीची काहीच अडचण आली नाही. क्रशरवर फोन करताच पाऊण इंची आणि अर्धा इंची काळी खडी दुसऱ्या दिवशी दारात येऊन पडली. अडले ते वाळूपाशी.

२०२३ च्या शासकीय धोरणानुसार शासनाच्या वाळू डेपोवर ६०० रुपये ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) दराने वाळू मिळणार होती आणि खासगी विक्रेते तर कित्येक पटींनी अधिक मागत होते. म्हणून मी महाखनिज या शासनाच्या ऑनलाइन प्रणालीवर आठ ब्रासची नोंदणी करून ४,८०० रुपये आणि वरचे शुल्क भरले. या दरात वाहतूक धरलेली नसल्यामुळे टिप्परही स्वतःच ठरवला. डेपोवर पाहतो तो ढिगाच्या जागी चाळून उरलेले गोटे! तेथील मुलगा म्हणाला, "काका, साठा संपलाय, सोमवारी या." असे चार सोमवार गेले आणि टिप्परवाल्याने दोन रिकाम्या खेपांचे भाडे वसूल केले. तहसील कार्यालयाच्या गौण खनिज (वाळू, खडी वगैरे) शाखेत मी रिकाम्या आवाराचा फोटो दाखवला, तेव्हा लिपिकाने संगणकाकडे बोट दाखवून सांगितले, "इथे साठा दिसतोय, म्हणजे आहे." फोटो खोटा आणि पडदा खरा, हे काही माझ्या पचनी पडले नाही. लेखी अर्ज दिला, पोच घेतली; तोवर १० जून उजाडला आणि नदीपात्रातील उपसा ३० सप्टेंबरपर्यंत बंद झाला. इकडे सेंट्रिंगच्या प्लेटांचे भाडे चढतच होते.

अखेर क्रश सँड, म्हणजे दगड यंत्रात फोडून मुद्दाम बनवलेली वाळू घेतली. मिस्त्री कुरकुरला, पण काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीच्या भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत अशा कृत्रिम वाळूला स्पष्ट स्थान आहे, हे अभियंत्याने त्याला समजावले. मात्र खडी फोडताना खाली उरणारी डस्ट म्हणजे क्रश सँड नव्हे. स्वस्त म्हणून तीच गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. शिवाय हिचे कण कोनदार असल्यामुळे काँक्रीट जड वाटते आणि कामगार लगेच पाणी ओतू लागतात, तेव्हा मालकाने मिक्सरपाशी उभे राहावे. मी दिवसभर उभा होतो आणि स्लॅब उत्तम झाला, याचा मला अभिमान आहे.

नदीची वाळू मिळालीच, तर काचेच्या ग्लासात अर्ध्यापर्यंत ती भरून मिठाच्या पाण्यात ढवळावी आणि तीन तास ठेवावी. वर बसलेला गाळ खालच्या वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून अधिक असेल, तर गाडी परत पाठवावी. ओलसर वाळू फुगते, त्यामुळे घमेल्याच्या मापात ती प्रत्यक्षात कमी भरते. आणि हे आधीच सांगायला हवे होते: माल उतरवण्यापूर्वी टिप्परच्या हौद्यात चढून टेपने मोजावे. माझ्या पहिल्या खडीच्या गाडीत अर्धा ब्रास कमी होता, तो मला दुसऱ्या गाडीच्या वेळी कळला.